यादीतलं वय

४ जानेवारी

वन्सं,

नमस्कार. आधी आईंची खबर सांगते, कारण पाकीट फोडताना तुमचा जीव तिकडेच असणार. आई ठीक आहेत. गेल्या मंगळवारी उजव्या डोळ्यात चौथं इंजेक्शन झालं. डोळ्यात सुई म्हटल्यावर बाहेर बाकावर मीच घामाघूम. त्या मात्र आत डॉक्टरांना सांगत होत्या की तुमच्या भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे. ते होतंही मागे. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागच्या पडद्याचं हे दुखणं बरं होत नाही, थोपवून धरता येतं. दर सहा आठवड्यांनी सुई घेत राहिलं तर आहे ती नजर टिकेल. थांबवलं तर वर्षभरात समोरच्या माणसाचा चेहराच तेवढा दिसेनासा होईल. सध्या त्या भिंग धरून वाचतात. तुमचं मागचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा मला वाचून दाखवलं, जसं काही ते मला आलंच नव्हतं.

हे पत्र मी घरी नाही, कॅन्टीनमध्ये बसून लिहिते आहे. इंजेक्शनांचा सगळा खर्च आमच्या कारखान्याच्या आरोग्य विम्यातून होतो. आता नवा करार व्हायचा आहे, आणि कंपनीने नोटीस लावली आहे की विम्याचा हप्ता तीन वर्षांत दुप्पट झाला, हे नाकापेक्षा मोती जड झालं. पगारवाढ हवी असेल तर यापुढे विम्यात कामगार, त्याचा नवरा किंवा बायको आणि मुलं एवढेच राहतील. आईवडील आणि सासूसासरे बाहेर.

नोटीस वाचून आम्ही खात्यात कामाला लागलो. आमचं तपासणीचं काम कसं असतं ते तुम्ही पाहिलं आहे. कप हातात घ्यायचा, लाकडी काडीने टकटक करायचं, आवाज खणखणीत आला तर पुढे, बसका आला तर आत तडा आहे, बाजूला. त्या दिवशी आम्ही चौदाजणी नुसतं टकटक करत होतो आणि कानांपर्यंत काही पोचत नव्हतं.

युनियनच्या सभेत मला एक काम मिळालं. आमचे अध्यक्ष भट्टीवर काम करतात. तोंडावर त्यांना सगळे भाऊ म्हणतात आणि पाठीमागे भोंगा, कारण हळू बोलणं त्यांना जमत नाही. ते म्हणाले, विम्याचं चाळीस पानी पुस्तक आजवर कोणी वाचलेलं नाही, ते चष्मेवालीला द्या. मला. माझी शाळा सातवीत सुटली हे त्यांना माहीत आहे. पण वाचायचं म्हटलं तर मी भीत नाही. हे होते तेव्हा छापखान्यातून बिघडलेले कागद घरी आणायचे, कधी पुस्तकाचं तेहतिसावं ते अठ्ठेचाळिसावं पान, मागचं पुढचं काही नाही. त्यावरच मी वाचायला लागले. मधूनच सुरू होणाऱ्या गोष्टींची मला सवय आहे.

आईंना यातलं काही कळू देऊ नका. कळलं तर उद्यापासून सांगायला लागतील की मला सगळं स्वच्छ दिसतं.

तुमची वहिनी


१२ जानेवारी

वहिनी,

पत्र पोचलं. मला लांबण लावता येत नाही. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिली, तीन मिनिटं झाली की अजून मनात टिक वाजते. आता त्याच कानाला फोन ऐकू येत नाही, म्हणून ही लिहालिही.

विमा बंद झाला तर इंजेक्शनं माझ्या पेन्शनमधून. वाद घालू नको. पेन्शनमध्ये सुई बसते की नुसतं सुईचं टोक, हे मी अजून पाहिलेलं नाही, पण पाहीन. आई माझी आहे. तू तिला आठ वर्षं एकटीने सांभाळते आहेस हे मी विसरलेले नाही. माझा भाऊ गेल्यावर तू माहेरी गेली असतीस तरी तुला कोणी काही म्हटलं नसतं. मी म्हटलं असतं, पण माझं कोण ऐकतं.

युनियनबद्दल एक सांगते. आमच्या संपात साहेबलोक रोज एक आकडा तोंडी सांगायचे. तोंडी आकड्याला तोंड देता येत नाही. आमची एक सुपरवायझर होती, ती दरवेळी एवढंच म्हणायची, कागद दाखवा. हप्ता वाढला म्हणतात ना? कशामुळे वाढला ते लिहिलेला कागद मागा. नुसतं पुस्तक वाचून काय होणार.

तू स्वतःला जप. खोकला असेल तर भट्टीच्या बाजूला फिरकू नको.

तुझी नणंद


२७ जानेवारी

वन्सं,

तुमच्या सांगण्याप्रमाणे कागद मागितला आणि मिळाला. त्याचं असं झालं.

बोलण्यांच्या दिवशी अध्यक्षांनी मलाही आत नेलं. पर्सोनेलच्या मॅडम समोर होत्या. बाई वाईट नाहीत, पण आकडे सांगताना त्या खिडकीकडे बघतात. त्या म्हणाल्या, हप्ता माणशी ठरतो आणि वयाप्रमाणे चढतो. आपल्या यादीत साठीच्या पुढची माणसं दरवर्षी वाढतात, कमी मात्र होत नाहीत. हे ऐकून आमच्यातल्या दोघातिघांनी मिशीवर ताव दिला. आमची म्हातारी माणसं चिवट आहेत म्हणजे आमचाच मोठेपणा. मी म्हटलं, यादी दाखवा. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मॅडमनी अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी छताकडे. दोन दिवसांनी यादी आली. नुसती नावं, नातं आणि वय. साडेतीनशे कामगारांच्या घरची माणसं, बावीस पानं.

रोज संध्याकाळी मी ती घेऊन बसते. आईंना वाटतं, ग्रंथालयातलं काहीतरी आहे. रंगकामातल्या एकाचे वडील वय वर्षं एकशे तीन. असतात कोणी कोणी. मी वाचत गेले.

आता एक गोष्ट आहे, ती लिहायला हात धजत नाही. ह्यांच्या नावाचा प्रश्न आहे. आठ वर्षं मी जे धरून ठेवलं ते आता सोडावं असं मनाने घेतलं आहे. अध्यक्षांशी बोलले. ते आधी गप्पच झाले, जे त्यांच्याकडून कधी होत नाही. मग म्हणाले, आधी घरच्यांना विचारा, मी घाई करणार नाही. तुम्ही पुढे झालात तर मागच्या बायकाही धीर करतील. ते दोनतीनदा घरी येऊन गेले, कागद घेऊन. बायको जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली, त्यामुळे त्यांना समजतं. आईंना ते आवडले. त्यांनी स्वयंपाकघरातला गळका नळ नीट केला.

तुम्हाला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही. तुमचा भाऊ होता. उत्तर मात्र घरी पाठवू नका, आई पाकीट फोडतात, मागचं पत्र नशिबाने माझ्याच हाती पडलं. पाकिटावर कारखान्याचा पत्ता घाला, तपासणी खातं.

तुमची वहिनी


५ फेब्रुवारी

वहिनी,

यादीचं मी वरवर वाचलं. खालचा मजकूर चारदा वाचला.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? सरळ लिहायचं की. मी काय तुला खाणार होते? पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला, खोटं सांगत नाही. पत्र टेबलावर ठेवलं आणि भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली. मग बसून विचार केला. तुझं वय चोपन्न. आईचं त्र्याऐंशी. आई गेल्यावर तू त्या दोन खोल्यांत एकटी बसून छापखान्याचे कागद वाचत राहावंस असं मला वाटतं का? नाही वाटत. मी आयुष्यभर एकटी राहिले, पण ती माझी निवड होती, आणि तिचेही काही दिवस असतात, ते मी कोणाला सांगत नाही.

माझ्या भावाचं नाव तू पुरेसं सांभाळलंस. त्याच्या आईलाही सांभाळलंस. तेव्हा माझ्याकडून हो आहे.

मागच्या बायकांचं काय ते मला कळलं नाही. तुझं बघून सगळ्यांनीच धीर करायचा ठरवला तर तुमच्या कारखान्यात कप कोण तपासणार?

आता त्या माणसाबद्दल. नळ दुरुस्त करतो ही जमेची बाजू. मोठ्याने बोलतो ही माझ्या दृष्टीने दुसरी जमेची बाजू, मला ऐकू तरी येईल. पण आईला आवडला म्हणून भुलू नको. आईला जो खाली बसून चहा पितो तो आवडतो. त्याची मुलं किती, कुठे असतात, आणि बायको कशाने गेली, हे नीट विचारून घे. आईला मी सांगते, तू सांगू नको.

तुझी नणंद


११ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र मी तपासणीच्या टेबलाशी वाचलं आणि इतकी हसले की शेजारणीने माझ्या हातातला कप काढून घेतला. मग अचानक रडूच आलं, तेव्हा तिने पत्रच काढून घेतलं. आता सगळ्या खात्याला तुमचं उत्तर पाठ आहे. अध्यक्षांना कोणी सांगितलं नाही एवढी देवाची कृपा.

वन्सं, मी लग्न करत नाही. बिचाऱ्या माणसाने नळ नीट केला एवढाच त्याचा गुन्हा. पण मी आडून आडून लिहिलं त्यामुळे तुम्हाला दोनदा भांडी घासायला लागली, त्याची माफी मागते. आणि तुम्ही हो म्हणालात, ते मी कुठे ठेवू? मला नको असलेली गोष्ट तुम्ही मला इतक्या मोकळ्या मनाने दिलीत. मला सख्खी बहीण नाही, असती तर तिने दिली नसती.

आता सरळ लिहिते.

विम्याचा फॉर्म दरवर्षी येतो. त्यावर मागच्या वर्षीची नावं छापूनच असतात. खाली एक ओळ असते, बदल असल्यास लिहा, नसल्यास सही करा. हे गेले त्याला पाच आठवडे झाले होते तेव्हा तो फॉर्म आला. वर माझं नाव, खाली पती, ह्यांचं नाव, वय चोपन्न. त्याखाली सासू. मी वाचलं आणि सही केली. विसरून केली असं मी तुम्हाला सांगू शकले असते. विसरले नव्हते. त्या घटकेला पेन हातात होतं आणि त्या तीन नावांत रेघ मारायची जागा मला दिसलीच नाही.

पुढच्या वर्षी फॉर्म आला. वय पंचावन्न. मशीन आपलं एकेक वर्ष घालत जातं. मग छप्पन्न, मग सत्तावन्न. मला त्या कागदाची वाट पाहायची सवय लागली. साठ झाले तेव्हा मी मनात म्हटलं, आता केस पुरते पांढरे झाले असते, छापखान्यातून निरोप मिळाला असता आणि दिवसभर घरात बसून माझ्या कामात चुका काढल्या असत्या. यंदा बासष्ट.

यादी वाचली तेव्हा कळलं की मी एकटी नाही. ते एकशे तीनचे वडील, त्यांना स्मशानात पोचवायला आम्ही सगळे गेलो होतो, चार वर्षं झाली. मग पानापानावर ओळखीची माणसं दिसायला लागली. कोणाची आई, कोणाची बायको. माझ्या मोजणीने एकेचाळीस. दवाखान्याचा छदामही कोणी त्यांच्या नावावर घेतलेला नाही. नुसती सही केली. पण हप्ता वयाप्रमाणे चढतो. आमची गेलेली माणसं कागदावर म्हातारी होत राहिली आणि त्यांचं म्हातारपण जिवंत म्हाताऱ्यांच्या मुळावर आलं. ह्यांच्या बासष्ट वर्षांपायी आईंचे डोळे जायची वेळ आली. ह्यांना हे कळलं असतं तर मला काय म्हणाले असते याचा विचार करवत नाही.

अध्यक्षांचं म्हणणं पडलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. कंपनीला कळलं तर खोट्या सह्या केल्या म्हणून एकेचाळीस जणांवर कारवाई होईल. मी म्हटलं, या वर्षीचे फॉर्म अजून आपल्याच हातात आहेत, महिनाअखेरीला द्यायचेत. त्यावर लिहिलेलंच आहे, बदल असल्यास लिहा. लिहूया. ते म्हणाले, आणि एकेकाच्या घरी जाऊन तुझ्या बापाचं नाव खोड हे कोण सांगणार? मी म्हटलं, कोणी सांगायचं नाही. कॅन्टीनमध्ये मी आधी उभी राहते.

तेव्हा आता खरं विचारते. तुमच्या भावाचं नाव काढू का?

तुमची वहिनी


१९ फेब्रुवारी

वहिनी,

लग्नाला हो म्हणायला मला एक दिवस लागला. याला पाच लागले.

तो कुठल्यातरी कागदावर बासष्टचा झाला आहे हे वाचून मला बरं वाटलं होतं. मीही लगेच हिशेब केला, म्हणजे मी त्रेसष्टची, बरोबर एक वर्ष मागे, लहानपणी असायचा तसा. तुझ्या मशीनला हात जोडावेसे वाटले. म्हणून उशीर झाला. तू केलंस ते चूक म्हणायला मी तोंड उघडणार नाही.

काढ. आईची नजर आधी. पण तिच्यापासून लपवून नाही. तिचा मुलगा आहे, आणि डोळे तिचे आहेत. आधी तिला सांग, मग कॅन्टीनला.

तुझी नणंद

ता. क. तो माणूस अगदीच वाईट वाटत नाही. आपलं सहज लिहिलं.


१४ मार्च

वन्सं,

इतके दिवस पत्र नाही म्हणून तुम्ही चिडला असाल. रोज कारखान्यातून सुटल्यावर बोलणी, आणि घरी आले की आई आजचं काय झालं ते दोनदा ऐकून घ्यायच्या. आता सगळं झालं आहे, म्हणून सगळं लिहिते.

तुमचं पत्र आल्यावर लगेच रविवारी सकाळी आईंना सांगितलं. त्या खिडकीशी बसल्या होत्या, मी फॉर्म घेऊन समोर बसले. विमा, हप्ता, नोटीस, सगळं सांगितलं आणि मग ह्यांचं नाव दाखवलं. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा मला बोलतील. त्यांनी भिंग घेतलं, नाव वाचलं, मग भिंग सरकवत वयाच्या खान्यावर नेलं आणि तिथेच धरून ठेवलं. बराच वेळ. मग म्हणाल्या, "हे चुकलंय."

मी म्हटलं, हो आई, माझंच चुकलं. त्या म्हणाल्या, तुझं नाही. मग म्हणाल्या, काढ ते नाव, आणि पेन मला दे. रेघ त्यांनीच मारली. ती अक्षरांच्या बरोबर मधून गेली. काय चुकलंय ते मी दोनदा विचारलं. म्हणाल्या, ते मी माझ्या लेकीला सांगेन.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये मी उभी राहिले. भाषण पाठ केलं होतं, ते कुठल्या कुठे गेलं. मी ह्यांचं नाव सांगितलं, हे छापखान्यात बांधणीला होते असं सांगितलं, आणि म्हटलं, हे आठ वर्षांपूर्वी गेले, पण आपल्या यादीत आहेत, काल त्यांच्या आईने रेघ मारली. बसले. एकजण मागून म्हणाला की ही चोरी आपल्याच गळ्यात घालायची काय कल्पना आहे. अध्यक्ष त्याला उत्तर द्यायला उठत होते, तेवढ्यात रंगकामातला तो उठला, एकशे तीनवाला. त्याने वडिलांचं नाव सांगितलं आणि म्हणाला, फॉर्म आला की मी तो घरी भिंतीवर लावायचो. मग भट्टीवरची एक बाई उठली. मग तिच्या शेजारचा. कोणी कोणाला बोलावलं नाही. नुसतं नाव, नातं, काय काम करायचे एवढंच. एकीची आई विणकाम करायची. एकाचा सासरा काहीच करायचा नाही, तसंही त्याने सांगितलं. एरवी ज्यांच्याशी आमचं कपाच्या तड्यावरून भांडण असतं त्यांच्या घरची माणसं त्या दिवशी मला पहिल्यांदा कळली.

साच्यावरचा एकजण मात्र घाईघाईने म्हणाला, माझ्या सासूच्या नावाला हात लावू नका, ती आहे. मुकादम म्हणाला, तिला स्मशानात पोचवायला तू दोनदा रजा घेतली आहेस. हसण्याने छताचे पत्रे हालले. त्याची ती तिसरी रजा आता गेली.

मॅडमनी बदललेले फॉर्म पाहिले, एकेक पान उलटलं आणि कारवाईचा शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या की छापील नावं देणारा फॉर्म आमचाच आहे. एकेचाळीस निघतील असं मी म्हटलं होतं. गठ्ठा मोजला तर बेचाळीस. बेचाळिसावा फॉर्म मॅडमचा होता, वडिलांचं नाव काढलेलं.

नव्या यादीवर विमावाल्यांनी नवा आकडा दिला, तो पुष्कळ खाली आला. अगदी तीन वर्षांपूर्वीच्या एवढा नाही. मग चार बैठका झाल्या. अध्यक्षांचा आवाज बसला, त्यामुळे दोन बैठका शांततेत पार पडल्या. शेवटी ठरलं ते असं. आईवडील आणि सासूसासरे तीन वर्षं विम्यात राहणार, इंजेक्शनं पूर्वीसारखी. पगारवाढ मागितली त्याहून कमी. चष्मे आणि दात यांचा अर्धा खर्च आपला. तीन वर्षांनी पुन्हा हीच रस्सीखेच, कारण आपली माणसं म्हातारी होणं काही थांबणार नाही. कोणीच पुरतं खूश नाही, म्हणजे करार बरा झाला, असं अध्यक्ष कागदावर लिहून दाखवत होते.

करारात शेवटी एक कलम आहे. दरवर्षी यादी युनियनने तपासून द्यायची. ते काम मला दिलं आहे. म्हणजे दर जानेवारीत प्रत्येक खात्यात जायचं, प्रत्येकाला विचारायचं, घरी सगळी आहेत ना. नाही म्हणालं कोणी तर तिथे थोडं थांबायचं. हे थांबायचं कलमात लिहिलेलं नाही, ते मी ठरवलं आहे.

माझ्या फॉर्मवर आता दोनच नावं आहेत. मला वाटलं होतं कागद ओका दिसेल. तसा दिसला, एक दिवस. आता वाटतं, इतकी वर्षं ह्यांना मी दरवर्षी एकदा त्या कागदावर भेटत होते आणि बाकीचे दिवस त्या भेटीची वाट पाहत होते. हल्ली ते कधीही आठवतात. काल जिन्यात आठवले, काही कारण नसताना.

आई दोन दिवस पत्र लिहीत बसल्या आहेत. मला बघू देत नाहीत. ते वेगळ्या पाकिटाने येईल.

तुमची वहिनी


१६ मार्च

बाळ,

हे मीच लिहिते आहे. ओळी वर चढतील, तू मान वाकडी कर. गेल्या महिन्यात पाचवी सुई झाली. डॉक्टरांनी घड्याळ बरोबर लावलं आहे.

सुनेने तुला सांगितलं असेल, मी कागदावर काहीतरी चुकलंय म्हणाले. तिला वाटलं मी तिला बोलले. तिला नाही. त्याचं वय चुकलं होतं, आणि ते मीच चुकवलेलं.

तुझा शाळेचा पहिला दिवस तुला आठवणार नाही. तू फाटकाशी बसकण मारलीस आणि आत जायला तयार होईनास. चार दिवस असंच. पाचव्या दिवशी हट्ट धरलास की हा बरोबर आला तरच जाईन. मास्तर म्हणाले, याला पाच पूर्ण हवीत. मी म्हटलं, पूर्ण आहेत. नव्हती. चार होती. मास्तरांनी लिहून घेतलं. मग ते लिहिलेलं त्याला जन्मभर चिकटलं. छापखान्यातही तेच, दवाखान्यातही तेच, आणि त्या यादीतही तेच. मी कधी बोलले नाही. एकदा सांगितलेलं खोटं सरकारी कागदावर गेलं की खरं बोलायची भीती वाटते. शिवाय तुझ्यासाठी त्याचं एक वर्ष घेतलं हे तुला कळू नये असंही वाटायचं.

आता तो कुठल्याच कागदावर नाही. तेव्हा खरं वय सांगायला हरकत नाही. तो गेला तेव्हा चोपन्नचा नव्हता, त्रेपन्नचा होता. आज असता तर एकसष्टचा. तू त्याच्याहून एक नाही, दोन वर्षांनी मोठी आहेस. मला वाईट वाटू नये म्हणून तू काही लिहू नको, मला वाईट वाटलेलं नाही. त्या रविवारी रेघ मारली आणि हलकं वाटलं.

त्या दिवशी मी फाटकाबाहेर उभी होते. तू त्याचा हात धरलास आणि दोघं मैदानातून चालत गेलात. त्याची चड्डी सारखी खाली येत होती, ती तू चालता चालता वर ओढत होतीस. तू एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस. त्याने पाहिलं.

आई